मार्विन गे की स्टीव्ही वंडर : पहिली रेकॉर्ड कोणाची घ्यावी?

भाच्याने रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि आठवड्याच्या आत त्याचा फोन आला, "मावशी, सध्या एकच रेकॉर्ड परवडेल. मार्विन घेऊ की स्टीव्ही?" मार्विन गे आणि स्टीव्ही वंडर, दोघेही अमेरिकेतले कृष्णवर्णीय सोल गायक. दोघांचीही साठच्या दशकातली गाणी त्याला तोंडपाठ आहेत. तीन मिनिटांत संपणारी, ऐकता ऐकता पायाने ठेका धरायला लावणारी. पण त्याच दोघांचं सत्तरच्या दशकातलं गाणं लावलं की तो अडखळतो. आवाज ओळखीचा, माणूस मात्र बदललेला. त्यामुळे "कोण मोठा" हा त्याचा प्रश्नच नव्हता. बदललेल्या गायकाशी ओळख करून घ्यायची तर कोणाच्या घरापासून सुरुवात करावी, हा होता. तुम्हीही याच पेचात असाल तर पुढचं वाचा.

दोघांचं माहेर एकच, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातली मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी. मालक बेरी गॉर्डी पूर्वी मोटारींच्या कारखान्यात कामाला होता आणि गाणंही त्याने तसंच घडवायचं ठरवलं. गीतकार वेगळे, वादक ठरलेले, गायकाने येऊन गायचं आणि जायचं. दर शुक्रवारी बैठक भरायची आणि कोणतं गाणं बाहेर पडणार ते तिथे ठरायचं. याच शिस्तीतून सुंदर गाणी आली, ती मी आजही ऐकते. पण तिशी गाठलेल्या मार्विनला आणि एकविशीच्या उंबरठ्यावरच्या स्टीव्हीला हा साचा अपुरा पडू लागला, आणि दोघांनीही १९७१ मध्येच तो मोडला. मोडण्याची तऱ्हा मात्र अगदी वेगळी, आणि तुमची निवड त्या तऱ्हेवरच ठरणार आहे.

मार्विनने एकाच उडीत सगळं बदललं. त्याआधी त्याच्यावर बरंच काही कोसळलं होतं. १९६७ मध्ये कार्यक्रमात गाताना सहगायिका टॅमी टेरेल त्याच्या हातांत कोसळली. मेंदूत गाठ निघाली आणि मार्च १९७० मध्ये ती गेली, अवघ्या चोविसाव्या वर्षी. मार्विनने रंगमंचाकडे पाठ फिरवली, दाढी वाढवली. धाकटा भाऊ फ्रँकी व्हिएतनामच्या युद्धावरून परतला होता आणि तिथलं सांगत होता. अशा वेळी मोटाऊनच्याच 'फोर टॉप्स' या गायकांच्या चमूतला ओबी बेन्सन एक अर्धवट गाणं घेऊन आला. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पोलिसांनी आंदोलक तरुणांना मारताना त्याने पाहिलं होतं, आणि त्यातून ते सुचलं होतं. हेच 'व्हॉट्स गोइंग ऑन'.

गॉर्डीला ते अजिबात रुचलं नाही. मार्विननेही हट्ट सोडला नाही : हे बाहेर येईपर्यंत दुसरं काही गाणार नाही. जानेवारी १९७१ मध्ये गाणं बाजारात आलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. गायक बदलला की चाहते नाराज होतात असं आपण धरून चालतो. इथे नाराज होती कंपनी, चाहते तर जणू वाटच पाहत होते. मग त्याच गॉर्डीने घाई करून त्याच नावाचा पूर्ण अल्बम मागितला, तो मे महिन्यात आला आणि त्यातली तीन गाणी सोल संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत एकामागून एक पहिल्या क्रमांकावर गेली. युद्ध, बेकारी, विषारी झालेलं पाणी, असे विषय प्रेमगीतांच्या चाहत्यांना चालणार नाहीत, ही भीती साफ खोटी ठरली.

आता गाणं जवळून ऐका. सुरुवातीला गप्पांचा आवाज येतो, मित्र एकमेकांना हाका मारतायत. त्यात डेट्रॉइटच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे दोन खेळाडूही आहेत, मार्विनचे दोस्त. मग सॅक्सोफोन, आणि त्यानंतर मार्विनचा आवाज येतो तो दुहेरी. एकच ओळ तो दोनदा गातो, एक जरा पुढे, एक जरा मागे. हे घडलं चुकून. दोन वेळा गाऊन त्यातलं एक निवडायचं होतं, ध्वनिमुद्रकाने दोन्ही एकदम वाजवलं आणि मार्विनला तेच आवडलं. ऐकताना वाटतं की माणूस स्वतःशीच बोलतोय आणि स्वतःलाच उत्तर देतोय. खाली जेम्स जेमरसनचा बास गिटार गाण्याला टेकू देत नाही, तो स्वतंत्र गातो. इतकी वर्षं मोटाऊनच्या वादकांची नावं वेष्टनावर छापली जात नव्हती. या अल्बमवर ती आली, आणि मला हीसुद्धा त्या परिपक्वतेचीच खूण वाटते.

स्टीव्हीची वाट पायऱ्यापायऱ्यांची. तेराव्या वर्षी 'लिटल स्टीव्ही' म्हणून तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता. पुढे आवाज फुटला, आणि बालकलाकाराच्या नशिबी येणारी विस्मृती त्याने मेहनतीने टाळली. एप्रिल १९७१ मध्ये, मार्विनच्या अल्बमच्या महिनाभर आधी, त्यानेही स्वतःच्या मनाचा एक अल्बम काढला होता. त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. त्याच मे महिन्यात तो एकवीस वर्षांचा झाला, जुना करार संपला, आणि तो थेट न्यूयॉर्कला गेला. तिथे माल्कम सेसिल आणि रॉबर्ट मार्गुलेफ यांनी उभारलेला 'टॉन्टो' नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर नवनवे आवाज घडवणारं वाद्य होतं, कपाटांची रांग लावावी एवढं. जन्मानंतर लगेचच दृष्टी गेलेला हा मुलगा त्या यंत्रावर स्वतःचा आवाज शोधू लागला. मोटाऊनशी नवा करार केला तो स्वतःच्या अटींवर.

त्यानंतर 'म्युझिक ऑफ माय माइंड' आणि 'टॉकिंग बुक' १९७२ मध्ये, 'इनरव्हिजन्स' १९७३ मध्ये, 'फुलफिलिंगनेस फर्स्ट फिनाले' १९७४ मध्ये, आणि १९७६ मध्ये दोन रेकॉर्ड भरून 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ'. चाहत्यांना त्याने हाताला धरून नेलं. 'टॉकिंग बुक'ची सुरुवातच पाहा : लग्नात वाजवावं असं गोड प्रेमगीत, आणि तरीही पहिल्या ओळी स्टीव्ही गातच नाही. आधी एक गायक, मग एक गायिका, आणि त्यानंतर तो. दुसरी बाजू उघडते 'सुपरस्टिशन'ने. त्यात ड्रम, सिंथेसायझरचा बास, क्लॅव्हिनेट या विजेवरच्या कीबोर्डचा तो टोकदार आवाज, सगळं त्याचं एकट्याचं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तेवढे दुसऱ्यांचे. जुन्या चाहत्याला नाचायला ठेका मिळाला आणि नव्याला पूर्वी न ऐकलेला नाद. त्याच वर्षी तो रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या दौऱ्यात त्यांच्याआधी गायला, आणि रॉक ऐकणारा गोरा श्रोताही त्याच्यामागे आला. 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' बाजारात येताच पहिल्याच आठवड्यात अव्वल ठरला.

दोघांच्याही बाबतीत चाहते गांगरले ते पुढे. १९७९ मध्ये स्टीव्हीने वनस्पतींवरच्या माहितीपटासाठी केलेलं, बरंचसं वाद्यसंगीत असलेलं काम दोन रेकॉर्डमध्ये आणलं. तीन वर्षं वाट पाहिलेल्या लोकांना काय करावं कळेना. पुढच्याच वर्षी 'हॉटर दॅन जुलै' आला आणि ते परत आले.

मार्विनचं १९७८ चं 'हिअर, माय डिअर' मात्र फार एकाकी राहिलं. त्याची घटस्फोटित बायको अॅना ही गॉर्डीची बहीण. पोटगीपोटी या अल्बमच्या कमाईतला वाटा तिला द्यायचं ठरलं होतं, आणि अल्बमभर मार्विन त्या मोडलेल्या संसाराविषयीच गातो. लोकांनी पाठ फिरवली. आज जाणकार त्याला त्याच्या उत्तम कामांत धरतात. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा अर्ध्यावर बंद केला होता, दुसऱ्याचं पत्र चोरून वाचल्यासारखं वाटलं. आता शेवटपर्यंत ऐकते, पण पहिली रेकॉर्ड म्हणून तो कोणालाही सुचवणार नाही.

एक गोष्ट मला या तुलनेत सर्वांत बोलकी वाटते. जानेवारी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला मार्विनचा कार्यक्रम मुद्रित झाला. त्यात साठच्या दशकातली त्याची लाडकी गाणी एका मालिकेत उरकून टाकली आहेत आणि त्या मालिकेला नाव आहे 'फॉसिल मेडली'. फॉसिल, म्हणजे जीवाश्म! आणि त्याच कार्यक्रमात प्रेक्षक सर्वांत जास्त किंचाळतात ते 'डिस्टंट लव्हर' या संथ, तेव्हा जेमतेम चार-पाच महिने जुन्या गाण्याला. म्हणजे तो पुढे गेला तसे तेही गेले होते. स्टीव्हीने जुन्याला असं कधी दूर केलं नाही. २०१४ मध्ये त्याने 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' पूर्णच्या पूर्ण गाण्याचा दौरा काढला.

तिसरं नाव तुम्हाला कोणी सुचवेल, त्याच काळातल्या सोल गायक अल ग्रीनचं. १९७६ मध्ये त्याने मेम्फिसमध्ये चर्च घेतलं, पुढे भक्तिसंगीताकडे वळला आणि प्रेमगीतांचा चाहता बाहेरच राहिला. ओढ लावणारा आवाज आहे, पण ती वेगळी वाट आहे, आज नको.

तर कोणाची घ्यावी? मोबाइलवर ऐकणार असाल, कामं करता करता, घरात माणसं असताना, तर स्टीव्हीच. 'टॉकिंग बुक'पासून सुरू करा आणि वर्षांच्या क्रमाने जा. क्रम मोडू नका, एकेक पायरी चढल्याशिवाय 'इनरव्हिजन्स'मधला संताप आणि दुःख पूर्ण पोहोचत नाही. त्याचं प्रत्येक गाणं स्वतःच्या पायावर उभं आहे, मध्येच थांबलं तरी तुटत नाही.

पण पैसे रेकॉर्डवरच खर्च करायचे असतील तर मी भाच्याला सांगितलं तेच सांगेन : 'व्हॉट्स गोइंग ऑन' घ्या. पहिल्या बाजूची सहा गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं ते कळत नाही. मोबाइलवर मध्येच फोन येतो, जाहिरात येते, आणि सगळी वीण उसवते. सुई एकदा ठेवली की हात लावायचा नाही. पूर्ण अल्बम पस्तीस मिनिटांचा, म्हणजे एका चहाचा आणि त्यानंतरच्या शांततेचा वेळ. वेष्टनही हातात धरून पाहा : दाढीवर, केसांवर पावसाचे थेंब, कॉलर वर केलेला कोट, नजर दूर कुठेतरी.

जुन्या ठेक्याची सवय असेल तर दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं तुम्हाला लांबलेलं वाटेल, ते सात मिनिटांच्या वर आहे. तिथे सुई उचलू नका. शेवटच्या गाण्याच्या अखेरीस तालवाद्यं मागे सरतात आणि पहिल्या गाण्यातली आईला घातलेली साद पुन्हा येते. भाच्याचा दुसरा फोन मला तिथूनच आला. रेकॉर्ड संपली होती, सुई रिकामी फिरत असल्याची खरखर मला फोनवर ऐकू येत होती.