अहवालांचा एक हंगाम लिबरऑफिसवर : सहा महिन्यांच्या वापरानंतर

राजारामपुरीत माझं टायपिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. जुलै ते सप्टेंबर आमचा हंगाम. सहकारी संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते आणि त्याआधी अहवाल सभासदांच्या हातात पडायला हवा. दूध संस्था, विकास सेवा संस्था, पतसंस्था, कोल्हापुरात यांना तोटा नाही. गुढीपाडव्याला मी सगळं काम लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरवर आणलं. आता दसरा आलाय.

सर्वात मोठा फरक पेज स्टाइलमुळे पडला. आधी मी एंटर मारमारून मजकूर पुढच्या पानावर ढकलायची. एक ओळ वाढली की सगळा अहवाल हलायचा. रायटरमध्ये (लिबरऑफिसचा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम) समास, मथळा, पान क्रमांक हे सगळं स्टाइलला बांधलेलं असतं. डावं पान वेगळं, उजवं वेगळं ठरवता येतं. ताळेबंदासाठी हे सोनं आहे. डावीकडे भांडवल व देणी, उजवीकडे मालमत्ता व येणी, ही दोन पानं समोरासमोर उघडायलाच हवीत. पेज ब्रेक देताना 'लेफ्ट पेज' निवडलं की ताळेबंद डाव्या पानावरच सुरू होतो. एका विकास संस्थेचे गटसचिव प्रूफ बघून म्हणाले, "ताई, देणी-येणी समोरासमोर आली व्हय! आता सभेत बोट ठेवून दाखवाय येतंय बघा."

पण इथेच मी एकदा अडकले. २४ पानांचा अहवाल, ताळेबंद बरोबर मधल्या १२-१३ वर. शेवटच्या दिवशी श्रद्धांजलीचा ठराव वाढला आणि आधीचा मजकूर ११ ऐवजी १२ व्या पानावर संपला. ताळेबंद १४ वर गेला आणि मध्ये कोरं पान शिरलं. स्क्रीनवर ते दिसत नाही, फक्त क्रमांक १२ नंतर एकदम १४ येतो. प्रिंटरमधून सहाऐवजी सात कागद आले तेव्हा मला कळलं. छपाईच्या पर्यायांत अशी आपोआप आलेली कोरी पानं वगळता येतात, पण मग समोरासमोरची मांडणी बिघडते. मी ठरावातली ओळींमधली जागा कमी केली आणि मजकूर ११ पानांत बसवला. तेव्हापासून प्रिंट देण्याआधी खालच्या पट्टीतला पानांचा आकडा बघतेच.

ब्रोशर म्हणजे पुस्तिका छपाईने माझी पेन्सिल सुटली. पूर्वी कागदाच्या घड्या घालून डमी करायची, त्यावर आकडे टाकायची. आता ए-५ ची फाइल, ए-४ चा कागद, 'ब्रोशर' निवडायचं. पहिल्या कागदावर २४ आणि १, पाठीवर २ आणि २३ आपोआप येतात. पाठपोट छापताना कागद आखूड बाजूने उलटायची निवड ठेवा, नाहीतर पाठीमागची पानं डोक्यावर उभी राहतात. एका प्रतीला सहा कागद, ५०० प्रतींना ३०००, म्हणजे सहा रीम. हा हिशेब आता गिऱ्हाइकासमोरच सांगता येतो.

सभासद यादी कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये, करते. मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर यावी म्हणून प्रिंट रेंजमध्ये 'रिपीट' ठरवायचं, आणि रुंदी एका पानात बसवून उंची मोकळी सोडायची. एवढं पुरतं.

मराठीसाठी एक सांगते. भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टची (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची) खूण करा आणि स्टाइलमध्ये देवनागरीचा फाँट व आकार वेगळा ठरवा. नाहीतर १२ चा आकार इंग्रजीला लागतो आणि मराठी आहे तशीच राहते. मी मुक्ता वापरते. जोडाक्षरं छपाईत स्वच्छ उठतात.

काय हवं आहे? छापखान्याचे चार रंग वेगळे काढता येत नाहीत, म्हणून रंगीत मुखपृष्ठ मी स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. प्रिंटच्या निवडी नाव देऊन साठवता आल्या तर हंगामात रोजची पाच मिनिटं वाचतील. आणि जाड पुस्तिकेत घडीमुळे मधली पानं बाहेर सरकतात, त्यासाठी समास आपोआप आत घेण्याची सोय व्हावी. २४ पानांना चालतं. पण पतसंस्थेच्या ६४ पानांच्या अहवालात कटिंग केल्यावर कडेचे पान क्रमांक अर्धे कापले गेले होते. तेव्हापासून जाड अहवालात क्रमांक मी खाली मधोमध घेते.