आठ महिने वापरलेले बुकशेल्फ स्पीकर, वायरचा हेडफोन आणि घरच्या घरी शोधलेले पाच बिघाड

दिवाळीत घेतलेल्या स्पीकरच्या जोडीला आता आठ महिने झाले. चार इंची वूफर (खालचे, जाड सूर वाजवणारा), वर ट्वीटर (बारीक, वरचे सूर वाजवणारा), आठ ओहमचे साधे पॅसिव्ह बॉक्स, म्हणजे आत स्वतःचा ॲम्प्लिफायर नसलेले. त्यांना चालवायला हाताच्या पंजाएवढा ॲम्प (ॲम्प्लिफायर), आणि रात्री सगळे झोपल्यावर ऐकायला वायरचा हेडफोन. इंदिरानगरातला आमचा हॉल बारा बाय चौदाचा, तेवढ्याला आवाज पुरून उरतो. गळा ऐकायचा असेल तर सेट फार गोड आहे. बाबांचं नाट्यसंगीत, आईचे अभंग, सकाळची आकाशवाणी, सगळं स्वच्छ. नाशिक ढोलाचा दणका छातीत बसायला हवा असेल तर मात्र मोठा वूफर बघा.

पण मला मुख्यतः लिहायचंय ते बिघाडांबद्दल. आठ महिन्यांत पाचदा काहीतरी बिनसलं, आणि एकदाही दोष स्पीकरच्या किंवा हेडफोनच्या आत नव्हता.

मार्चमध्ये डावा स्पीकर मधूनच गप्प व्हायला लागला. एका दुकानात नेला. दुकानदाराने बॉक्स हलवून पाहिला आणि "वूफर गेलाय, चौदाशे होतील" म्हणून मोकळा झाला. ना वाजवून पाहिला, ना मीटर लावला. मला पटलं नाही, तसाच परत आणला. घरी मल्टिमीटर लावला तर डावा 6.8 ओहम, उजवा 6.9. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर थोडा कमीच दाखवतो. सहा-सातच्या आसपास आकडा आला म्हणजे वूफरच्या आतलं तारेचं वेटोळं, कॉइल, शाबूत. कॉइल तुटली असती तर मीटर हललाच नसता.

मग अदलाबदल सुरू केली. ॲम्प बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी बदलल्या. आता उजवा गप्प! म्हणजे स्पीकर सुटला, दोष त्याच्या मागे कुठेतरी. पुढे फोनकडून येणाऱ्या लाल-पांढऱ्या पिना ॲम्पच्या टोकाला बदलल्या. बिघाडाने पुन्हा बाजू बदलली, म्हणजे ॲम्पही सुटला. उरली ती फोनपासून ॲम्पपर्यंतची वायर. पिनेच्या मुळाशी दुमडून धरली की आवाज येई, सोडली की जाई. नवी वायर 120 रुपयांना मिळाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मात्र काटेकोर पाळा. दोन एकदम बदलल्या की काहीच कळत नाही.

एप्रिलमधला प्रकार जास्त चक्रावणारा. बाबांनी हेडफोन लावला आणि म्हणाले, "अरे, ऑर्गन वाजतोय, तबला वाजतोय, गाणारा गेला कुठे?" मी कानाला लावला तर खरंच, गायक विहिरीच्या तळाशी आणि कडेची वाद्यं मात्र जवळ. कारण समजल्यावर मला फार आनंद झाला. जॅकवर डावा, उजवा आणि दोघांची सामाईक ग्राउंड अशा कड्या असतात. ग्राउंड टेकली नाही की दोन्ही बाजूंमधला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच भरलेला असतो, म्हणून तो स्वतःलाच खोडून टाकतो. आमच्याकडे फोनच्या जाड कव्हरमुळे जॅक केसभर बाहेर राहत होता. कव्हर काढलं, फोन बंद करून भोकातला कापूस लाकडी टूथपिकने अलगद काढला, गायक परत आला.

असाच घोटाळा स्पीकरवर पहिल्याच आठवड्यात झाला होता. एका बाजूची लाल-काळी वायर उलटी लागली होती, त्यामुळे बेस पातळ. वायरवर खूण नसेल तर ती ॲम्पवरून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. वूफर बाहेर सरकला तर सेलच्या प्लसकडची तार लाल टर्मिनलला जाते.

खडखड झाली तेव्हा आईचा संशय सरळ उजव्या स्पीकरवर. मी फोनवरच्या टोन जनरेटरने, म्हणजे हवा तो एकच सूर वाजवणाऱ्या ॲपने, आवाज कमी ठेवून खालच्या सुरापासून वर सरकत गेलो. 160 हर्ट्झच्या आसपास खर्र झालं. ज्या वस्तूवर बोट ठेवल्यावर आवाज थांबतो ती गुन्हेगार. ती निघाली शोकेसमधली समई, भांडी बाजारातून आणलेली. तिचे आटे ढिले झाले होते, पिळून घट्ट केले.

याच ॲपने वर जाताना बाबांना साडेआठ हजार हर्ट्झच्या पुढे काहीच ऐकू येईना, मला चौदा हजारांपर्यंत येत होतं, मुलीला त्याहून वर. वयाने वरचे सूर आधी जातात. तेव्हा ट्वीटरला दोष देण्याआधी घरातल्या लहानग्याला बसवा, आणि ऐकू येईना म्हणून आवाज वाढवू नका, ट्वीटर जळेल.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की येणारी घूं आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची होती. ॲम्प आणि चार्जर वेगवेगळ्या भिंतींवर होते; दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणले आणि ती थांबली. चार्जरची अर्थिंगची पिन तोडून टाक, असा सल्ला मला एकाने दिला होता. कृपया तसं कुणी करू नका, शॉकपासून वाचवणारी तीच पिन आहे.

सध्या अडलंय एवढंच, की पाऊस सुरू झाल्यापासून हेडफोनच्या गाद्यांचं रेक्झिन सोलवटतंय आणि त्याचे काळे कण कानाला चिकटतात. कापडी गाद्या मागवल्यात. त्या बसल्यावर बेस कमी झाला का, ते इथेच लिहीन.