सिरीयल लाइन ऐकायची कशी: एलईडी, डायोड की रेकॉर्डर?

जेटीवरच्या मासळीच्या वजनकाट्यावरून बिलाच्या संगणकाकडे वजन जाता जाता अडकतं. बोटीवर जीपीएसची माहिती फिशफाइंडरला कधी मिळते, कधी मिळत नाही. किनाऱ्यावरची खारी हवा कनेक्टरच्या पिना खाते, आणि दोष येतो मशीनवर. ते दुरुस्तीला मुंबईला पाठवण्याआधी सिरीयल लाइन, म्हणजे एकामागून एक बिट नेणारी दोन यंत्रांमधली तार, ऐकून बघा: तिच्यातून डेटा जातोय का, आणि काय जातोय. घरच्या घरी होतील असे तीन मार्ग आहेत.

सर्वांत स्वस्त म्हणजे दोन पायांची, दोन रंगांची एलईडी. तिच्यासोबत 2.2 किलोओहमचा रेझिस्टर घ्या. एक टोक डेटाच्या पिनेला (पिन 2 किंवा 3), दुसरं ग्राउंडला, म्हणजे नऊ पिनांच्या कनेक्टरवर पिन 5 ला. आरएस-232 ची, म्हणजे या नेहमीच्या सिरीयल जोडणीची, लाइन गप्प असताना व्होल्टेज ऋण असतं, म्हणून एक रंग स्थिर राहतो. डेटा आला की दुसराही लुकलुकतो. दोन्ही विझलेले असतील तर तार तुटलीय किंवा पाठवणारं यंत्र बंद आहे. एवढ्यासाठी एलईडी पुरेशी. पण 9600 बॉडला, म्हणजे सेकंदाला 9600 बिटांच्या वेगाला, एक अक्षर साधारण एका मिलिसेकंदात जातं. काय गेलं ते डोळ्याला दिसत नाही.

बहुतेकांनी डायोडच, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारे सुटे भाग, घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. पिन 2 आणि पिन 3 ला एकेक 1एन4148 डायोड लावा, अॅनोड (धन टोक) लाइनीकडे. दोन्ही कॅथोड (पट्टीची टोकं) एकत्र करून लॅपटॉपच्या यूएसबी-सिरीयल अडॅप्टरच्या पिन 2 ला जोडा, ग्राउंडला ग्राउंड, आणि अडॅप्टरची पिन 3 मोकळी सोडा. लाइन गप्प असताना डायोड बंद असतात आणि अडॅप्टरमधला सुमारे 5 किलोओहमचा रेझिस्टर इनपुट शून्यावर धरतो. रिसीव्हर त्याला शांतताच समजतो. दोघं एकाच वेळी बोलले तर अक्षरांची सरमिसळ होते, पण संगणकाने विचारायचं आणि काट्याने सांगायचं, अशा व्यवहारात ते सहसा घडत नाही. लॅपटॉपच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सगळाच कचरा दिसला तर आधी बॉड तपासा. अडॅप्टर खऱ्या आरएस-232 पातळीचा हवा. टीटीएल, म्हणजे फक्त 0 ते 5 व्होल्टचं, मॉड्यूल या व्होल्टेजला जळेल.

बोटीवरची उपकरणं एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात ते एनएमईए 0183 सहसा 4800 बॉडला चालतं आणि एकाच दिशेने जातं, म्हणून तिथे डायोड लागत नाहीत. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी सरळ वाचता येतात. लॅपटॉप मात्र चार्जर काढून, त्याच्याच बॅटरीवर चालवा.

तिसरा मार्ग म्हणजे रेकॉर्डर: आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), मॅक्स3232 (आरएस-232 चं व्होल्टेज त्याला चालेल असं करणारी चिप) आणि एसडी कार्ड. बिघाड फक्त समुद्रात, इंजिनाच्या हादऱ्यात येत असेल आणि जेटीवर सगळं ठीक चालत असेल, तरच याच्या वाटेला जा. बंद डबा, वेळ नोंदवायला घड्याळाचं मॉड्यूल, बोटीच्या 24 व्होल्टवरून 5 व्होल्ट, पक्कं सोल्डरिंग, एवढं सगळं लागतं. 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत ते निवांत जोडून होईल. ऑगस्टच्या पहिल्या फेरीला बोट चालवणाऱ्या तांडेलाकडे द्या.