हंबकरची निकेल सिल्व्हर कव्हरं: घ्या, पण आधी मोजा

ऑनलाइन मागवलेली कव्हरं इलेक्ट्रिक गिटारच्या दोन्ही हंबकरला (दोन कॉइलवाल्या पिकअपला) घरीच बसवली, पैसे वसूल. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पोलच्या (प्रत्येक तारेखालच्या) स्क्रूंना गंज धरतोच, तो काही कव्हरने थांबत नाही कारण स्क्रूंची डोकी उघडीच राहतात, पण कॉइल तरी झाकली जाते. पितळेची स्वस्त मिळतात, नका घेऊ, त्यात एडी करंट (धातूत घुमणारा प्रवाह) जास्त, त्याने ट्रेबल म्हणजे आवाजातला वरचा भाग दबतो. पहिल्या ते सहाव्या पोलमधलं अंतर मोजूनच ऑर्डर करा, ४९.२, ५०, ५२ मिमी असे प्रकार येतात आणि विक्रेत्याने हे धड लिहिलंच नव्हतं! कव्हरला पिकअपच्या बेसप्लेटशी (तळाच्या पत्र्याशी) डाग द्यायला बारकं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ६० वॉटचं घ्या नि पटकन उरका, नाहीतर कॉइल तापते. आत मेण मात्र भराच, नाहीतर अँपच्या फुल गेनवर पिकअप शिट्टी मारतं.