पहिलं दोन अंकी नाटक लिहून झालंय, आता द्यायचं कुणाला? हौशी, प्रायोगिक की व्यावसायिक

हा प्रश्न मला वर्षातून दोनतीनदा तरी येतो आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा स्पायरल बाइंडिंग केलेली संहिता असते, म्हणजे बाइंडिंग झालंय, आता एक शब्द बदलायचा नाही असं मनात पक्कं झालेलं असतं. तर आधी ते बाइंडिंग सोडा. मी काही मोठा लेखक नाही, पंधराएक वर्षं विंगेत काढलीत, प्रॉम्प्टिंग केलंय, लाइट्स ऑपरेट केलेत आणि स्वतःची दोन नाटकं उभी राहिलेली बघितलीत, त्यातलं एक धडाधड पडलं. त्यावरून सांगतो.

तिन्हीकडचे लोक "नवीन संहिता आहे का हो?" असंच विचारतात पण प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. हौशी ग्रुपला स्पर्धेसाठी कुणी न पाहिलेलं काहीतरी हवं असतं, निर्मात्याला नटाच्या तारखा मिळाल्यात त्या फुकट जायला नकोत म्हणून हवं असतं, आणि प्रायोगिकवाल्या दिग्दर्शकाला त्याच्या डोक्यात आधीच काहीतरी फिरत असतं, त्याला बसेल असा मजकूर हवा असतो. मी यांची तुलना पैशावर करत नाही. पहिलं वाचन ते पहिला प्रयोग, आणि पहिला प्रयोग ते दहावा, या काळात तुम्हाला किती वेळा परत लिहायला मिळतं ते मी बघतो.

हौशींची राज्य नाट्य स्पर्धा आधी घेऊ, कारण पुण्यामुंबईबाहेर राहणाऱ्याला खरा रस्ता तोच आहे. 1954 पासून चालू आहे, सांस्कृतिक कार्य संचालनालय भरवतं, केंद्राकेंद्रावर प्राथमिक फेरी होते, मग अंतिम. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तारीख. तारीख लागली की नाटक होतंच, मग नेपथ्य आदल्या रात्री रंगवलेलं का असेना. बँकेतला, शाळेतला, मेडिकल दुकानातला माणूस रात्री नऊला तालमीला येतो आणि पाठांतर चोख करतो, हे मी नावाजलेल्या नटांकडेही बघितलेलं नाही. तोटा असा की दोनअडीच महिने घाम गाळून प्रयोग एकच, अंतिमला गेलात तर दोन. तुम्हाला कळतं की दुसरा अंक वीस मिनिटं लांबलाय, पण कळून करणार काय, नेपथ्य टेम्पोत चढलेलं असतं. शिवाय परीक्षकांना काय आवडेल याचे अंदाज बांधत लेव्हल्स (रंगमंचावरचे उंच-सखल चौथरे) आणि धूर वाढत जातो (धूर हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे).

पण स्पर्धेला नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 मधे मुंबईच्या 'रंगायन' संस्थेने स्पर्धेसाठीच केलं आणि त्यांचंच 'घाशीराम कोतवाल' 1972 मधे पुण्याच्या पीडीएने (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) स्पर्धेतच आणलं. 'शांतता'मधलं नायिका बेणारेबाईंचं स्वगत तर दिग्दर्शक अरविंद देशपांडे हटून बसले म्हणून तेंडुलकरांनी लिहिलं, आधी ते नव्हतंच. आज ते काढून नाटक वाचून बघा. म्हणजे तेंडुलकरांच्या संहितेतसुद्धा तालीम चालू असताना भर पडत होती, आणि आपण बाइंडिंग करून बसतो!

'घाशीराम'चं पुढचं प्रकरण तर संस्था निवडताना प्रत्येकाने आठवावं. 19 प्रयोग झाल्यावर संस्थेनेच ते थांबवलं, मग दिग्दर्शक जब्बार पटेल आणि बाकीची मंडळी बाहेर पडली आणि 1973 मधे थिएटर अकॅडमी उभी राहिली, मग नाटक परत सुरू झालं आणि 1980 मधे युरोपपर्यंत गेलं. नाटक तेच, माणसंही बरीचशी तीच, फक्त पाठीशी उभी राहणारी संस्था बदलली. नाटक कुणाला टोचलं तर हे लोक काय करतील, हा प्रश्न देतानाच मनात असू द्या.

आता प्रायोगिक संस्था. माझा कल इकडेच आहे, उगाच तटस्थतेचा आव आणत नाही. थिएटर अकॅडमीत सतीश आळेकरांनी 'महानिर्वाण' 1974 मधे स्वतः लिहून स्वतःच बसवलं, आणि पुढे 1985 ते 1994 या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने तिथे नवीन नाटककार घडवण्याची आणि ठिकठिकाणचे ग्रुप उभे करण्याची योजनाच चालली, म्हणजे लेखक घडवणं हेसुद्धा संस्थेचं काम आहे असं कुणीतरी गंभीरपणे मानलं होतं. मुंबईत 'आविष्कार' 1971 पासून, छबिलदास शाळेच्या हॉलमधे त्यांनी जे केलं त्यामुळे 'छबिलदास' हे शाळेपेक्षा एका चळवळीचंच नाव झालं. पुण्यात 2003 पासून मोहित टाकळकरांची 'आसक्त'. अशा ठिकाणी काय होतं, तर आधी वाचन होतं, मग शांतता पसरते (ती वाईटच असते असं नाही), मग कुणीतरी विचारतं की हे पात्र का आहे आणि तुम्हाला उत्तर येत नाही, आणि मग तुम्ही घरी जाऊन चार पानं फाडता. पुण्याच्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत प्रयोग लावला की तिसऱ्या रांगेतला माणूस कधी चुळबूळ करतो ते लेखकाला मागे उभं राहून दिसतं आणि पुढच्या प्रयोगाला ते वाक्य गेलेलं असतं. हे दुसरीकडे कुठे मिळत नाही.

वाईट बाजूही आहे. पैसे जवळजवळ शून्य, उलट चहाचे तुम्हीच देता. मेन रोलवाल्याला मालिका मिळाली की तालमी महिनाभर बंद. दिग्दर्शक तगडा असेल तर नाटक त्याचं होऊन जातं आणि पोस्टरवर तुमचं नाव शोधावं लागतं. आणि कंपू असतात, ओळख नसलेल्याला पहिल्या वाचनापर्यंत पोचायलाच वर्ष लागतं, हे खोटं नाही.

व्यावसायिकबद्दल थोडक्यात, कारण पहिल्याच नाटकाला तिकडे जाऊ नये असं माझं मत आहे. मान्य, प्रयोगामागे मानधन मिळतं, दौरे होतात. पण पहिला प्रश्न "यात कोण आहे?" हा येतो, आणि नाटकाबद्दल प्रश्न आलाच तर "कॉमेडी आहे ना?" एका निर्मात्याने माझी संहिता चौदा महिने ठेवून घेतली आणि नंतर फोनवर मलाच नाटकाचं नाव विचारलं. लोक लगेच 'देवबाभळी'चं उदाहरण देतात, नाशिकच्या प्राजक्त देशमुखने लिहिलं, भद्रकाली या निर्मितीसंस्थेने 2017 मधे आणलं आणि पाचशेव्या प्रयोगापर्यंत गेलं. बरोबर आहे, पण ते आधी एकांकिका म्हणून लोकांसमोर झालेलं होतं, निर्मात्याकडे नुसते कागद गेले नव्हते. तुमच्याकडे तसं काही असेल तर खुशाल जा.

चौथा रस्ताही आहे, स्वतःच ग्रुप करायचा. जालन्याच्या राजकुमार तांगडेंनी 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' लिहिलं, नंदू माधव यांनी 2012 मधे ते बसवलं आणि जालन्याच्या मातीतल्या नटांनी ते राज्यभर गाजवलं. भाषा तिथलीच, नट तिथलेच, पुण्याहून कुणी आयात केलं नाही. पण याला जिगर लागते आणि घरच्यांची परवानगीही.

कुठेही द्या, दोन गोष्टी मात्र करा. परवानगीपत्रात कोणत्या संस्थेला, कोणत्या वर्षासाठी, किती प्रयोगांसाठी हे स्पष्ट लिहा, नाहीतर स्पर्धेत पडलेलं नाटक पाच वर्षं त्यांच्याच कपाटात राहतं. आणि संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे बोलीभाषेत सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं, ते कोण काढणार हे पहिल्याच बैठकीत विचारा, कारण लेखक आणि संस्था दोघंही दुसरा काढेल म्हणून बसलेले असतात.

पुण्यामुंबईत असाल, नोकरी असेल आणि वर्षभर थांबायची तयारी असेल तर प्रायोगिक. गावाकडे असाल आणि सातआठ पात्रं जमवणारा एक खटपट्या माणूस ओळखीचा असेल तर राज्य नाट्य, फक्त त्याला आत्ताच फोन करा, प्रवेशिका भरायची तारीख निघून गेल्यावर तो मोकळाच असतो.