स्पेनमध्ये सहा महिने स्पॅनिश: इंग्रजी कच्चं असलेल्यांसाठी

वरुड-मोर्शीकडच्या मराठी शाळेतून थेट स्पेनच्या भाषाशाळेत जायचं म्हटलं की पहिली धास्ती इंग्रजीची. सहा महिन्यांच्या वर्गानंतरचं मत उलटं आहे. आडवं येतं ते इंग्रजीच. शिक्षक पहिल्या दिवसापासून स्पॅनिशच बोलतात. मनातल्या मनात इंग्रजीचा फेरा मारून उत्तर द्यायला गेलं की फसतं.

'मे गुस्तान लास नारांखास' म्हणजे मला संत्री आवडतात. सांगाडा हुबेहूब मराठीचा: 'मे' म्हणजे मला, आणि क्रियापद संत्र्यांच्या वचनानं बदलतं. इंग्रजीवाले इथं 'आय लाइक'च्या सवयीनं महिनाभर 'यो गुस्तो' ('यो' म्हणजे मी) करत बसतात. (नारांखा हा शब्दही मुळात आपला नारंगच, फारसी-अरबीतून तिकडं पोचलेला.) 'वेओ ला कासा', पण 'वेओ आ मी एर्मानो': घर पाहतो, भावाला पाहतो. तो 'आ' म्हणजे आपला 'ला'. 'कोमी' खाल्लं, 'कोमिया' खायचो. 'किएरो के वेंगा' मधलं 'वेंगा' म्हणजे 'त्यानं यावं' मधलं 'यावं'. या रूपापाशी वर्गातल्या भल्याभल्यांची दमछाक होते.

मराठी कामी येत नाही ती जागा 'सेर' आणि 'एस्तार' ही 'असणे'ची दोन क्रियापदं. आपल्याला दोन्हीकडं 'आहे'. 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळलाय, 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे. वही घालून पाठ करा, दुसरा इलाज नाही. नामही 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) लावूनच लिहा. शेवटी 'ओ' असेल तर बहुतेक पुल्लिंगी, 'आ' असेल तर स्त्रीलिंगी, पण 'ला मानो' (हात) आणि 'एल प्रोब्लेमा' (अडचण) शेवटच्या अक्षरावरून फसवतात.

उच्चारात त, द, प, क आपलेच. 'तोमाते' म्हणा, 'टोमाटे' नको. मेहनत दुहेरी र वर: 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा.

कुठल्या वर्गात बसायचं ते ठरवणारी भाषाशाळेची पातळी-चाचणी बहुतेक लेखी असते. ॲपवर व्याकरण घोटून गेलेला वरच्या वर्गात बसतो आणि कानाला काहीच लागत नाही. पहिल्याच आठवड्यात खालचा वर्ग मागून घ्यावा. लाज धरली तर फीचे पैसे पाण्यात. फी भरण्याआधी 'तास' 60 मिनिटांचा की 45 चा, तेही विचारा.

90 दिवसांवर राहायचं तर विद्यार्थी व्हिसा लागतो, त्यासाठी आठवड्याला किमान 20 तासांचा वर्ग हवा. व्हिसासाठी दाखवायची खर्चाची तरतूद आयप्रेम या स्पेनच्या सरकारी निर्देशांकावर मोजतात. 2023 पासून तो महिन्याला 600 युरो आहे. खात्यात कापसाचे पैसे एकदम जमा दिसले की स्रोत विचारला जाऊ शकतो, म्हणून बाजार समितीची हिशेबपट्टी जपून ठेवा. पासपोर्ट, गुणपत्रिका, बँक खातं, तिन्हीकडं नावाचं स्पेलिंग एकच असू द्या.

राहायला खोलीपेक्षा स्थानिक कुटुंब बरं, कारण खरं बोलणं जेवणाच्या टेबलावर होतं. दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊनंतर. शाकाहारी असाल तर नुसतं 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही. तिकडं 'कार्ने' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर फक्त मटणासारखं मांस येतं, आणि 'एन्सालादा मिक्स्ता' नावाच्या साध्या सॅलडवर ट्यूना मासा घालून येतो. 'नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन' असं तिन्ही मोजून सांगा: मांस नको, मासा नको, डुकराचं खारवलेलं मांसही नको.