घुबडाचा पत्ता कुठे सांगायचा? मॅस्टोडॉन, ब्लूस्काय की मॅट्रिक्स

मागच्या हिवाळ्यात ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात एका ढोलीत घुबडाची जोडी दिसली. आमच्या पक्षीवाल्यांच्या मोबाइल ग्रुपवर कुणीतरी हौसेनं लोकेशन टाकलं आणि रविवारी उजाडायच्या आत त्या झाडाखाली ट्रायपॉडची रांग लागली. आठवड्याभरात जोडी दिसेनाशी झाली. तेव्हापासून दोन वाद चालू आहेत: लोकेशन फोडलं कुणी, आणि ग्रुप हलवायचा कुठे. पहिल्याचं उत्तर मिळणार नाही. दुसऱ्यासाठी मी तीन महिने मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय ही पोस्ट टाकायची समाजमाध्यमं आणि मॅट्रिक्स ही ग्रुपवर बोलायची सोय, असं तिन्ही वापरून पाहिलं.

सगळ्यांचं पहिलं म्हणणं एकच होतं, फोन नंबर नको. अनोळखी माणसाला आपला नंबर दिसतो याचा त्रास बायकांना जास्त. इथे तिन्ही पर्याय पास होतात, कारण ओळख नंबरावर नाही, खात्याच्या नावावर चालते. खरा फरक पुढे आहे. या तिन्हींची व्यवस्था साधारण ईमेलसारखी: माझं खातं एका सर्व्हरवर, तुमचं दुसऱ्यावर, तरी बोलणं होतं. पण म्हणजेच माझ्या मजकुराची प्रत तुमच्या सर्व्हरवर जाऊन बसते.

मॅस्टोडॉन २०१६ पासून आहे. पोस्ट सर्वांसाठी, फक्त फॉलोअर्ससाठी किंवा फक्त उल्लेख केलेल्यांसाठी ठेवता येते. ऐकायला छान. पण ‘फक्त फॉलोअर्स’ म्हणजे कुलूपबंद खोली नव्हे. फॉलोची विनंती आधी तपासायची सोय मुद्दाम चालू केली नाही, तर कुणीही फॉलोअर होतो आणि आज आलेल्याला कालची पोस्टही दिसू शकते. पोस्ट काढली तर इतर सर्व्हरना ‘पुसा’ असा निरोप जातो. त्यांनी पुसलीच याची हमी नाही. खासगी निरोपही एन्क्रिप्टेड नसतात, म्हणजे दोन्हीकडच्या सर्व्हरचालकांना ते वाचणं शक्य असतं. त्यात आणखी एक गंमत. खासगी निरोपात कुणाची कागाळी करताना त्याचं खातं ॲट चिन्हासकट लिहिलं, की तो निरोप त्यालाही पोचतो! आमच्या ग्रुपचा स्वभाव पाहता यावरच निम्मी भांडणं होतील.

ब्लूस्काय दिसायला सगळ्यात सोपं, २०२४ च्या फेब्रुवारीपासून निमंत्रणाशिवाय खुलं. पण तिथला पाया उघडेपणाचा. तुम्ही कुणाला ब्लॉक केलंत हेसुद्धा सार्वजनिक असतं. घरट्यासाठी बाद. लेमी या रेडिटसारख्या चर्चेच्या जागेवर गप्पा छान रंगतात, पण तीही मुळात चव्हाट्यावरची.

उरतं मॅट्रिक्स. २०१४ पासूनचा हा प्रोटोकॉल, म्हणजे निरोप कसे पाठवायचे याचे ठरलेले नियम. आपण वापरायचं ते एलिमेंटसारखं ॲप. फ्रान्स सरकारचं कर्मचाऱ्यांसाठीचं ‘चाप’ यावरच उभं आहे. इथे खोली फक्त निमंत्रितांसाठी ठेवता येते, संदेश एन्क्रिप्टेड राहतात आणि नव्या माणसाला तो आल्यानंतरचंच दिसेल असंही ठरवता येतं. हे शेवटचं आमच्यासाठी मोलाचं, कारण जानेवारीत आलेल्या पाहुण्याला डिसेंबरचं घरटं कळायचं कारण नाही. एन्क्रिप्शन एकदा चालू केलं की त्या खोलीत परत बंद होत नाही, हेही बरंच. मात्र खोलीचं नाव आणि आत कोण आहे हे सर्व्हरला दिसतं. म्हणून खोलीला ‘येऊर घुबड’ नाव देऊ नका, ‘चहा’ द्या.

त्रास आहे तो किल्लीचा. रिकव्हरी की, म्हणजे जुने संदेश परत उघडायचा लांबलचक संकेत, हरवली आणि फोनही गेला, तर जुने संदेश कुणीच परत आणू शकत नाही. आमच्यातल्या एका काकांनी ती नव्या फोनच्याच नोट्समध्ये ठेवली होती; तो फोन लोकलमध्ये गेला. त्यांचं वय सत्तरीपुढचं, नोंदी मात्र सगळ्यांत चांगल्या. अशा माणसांना दूर लोटणारी सुरक्षितता मला परवडत नाही. म्हणून प्रत्येकाची की कागदावर लिहून घरी ठेवायची, आणि हे काम मी घरोघरी जाऊन करणार आहे.

फोटोंचंही आलंच. मॅस्टोडॉन फोटोतली लोकेशनची माहिती काढून टाकतं. एन्क्रिप्टेड खोलीत सर्व्हरला फोटो दिसतच नाही, मग तो काढणार काय? तिथे लोकेशन आपणच काढून मग फोटो टाकायचा.

मला विचाराल तर एकच जागा शोधण्याचा हट्ट सोडा. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथले, नेरूळच्या डीपीएस तलावावरचे फ्लेमिंगो जितक्या लोकांना दिसतील तितकं बरं. ते मॅस्टोडॉनवर, सर्वांसाठी. घरटी मॅट्रिक्सवर, पंधरा-वीसच माणसांत. स्वतःचा सर्व्हर चालवायची टूम निघाली होती. अपडेट कोण करणार असं विचारल्यावर सगळे दुर्बिणी पुसायला लागले. तूर्त तयार सर्व्हरवरच खाती काढतो आहोत.

स्क्रीनशॉट यातलं काहीच थांबवत नाही. म्हणून खोलीत कुणाला घ्यायचं ही यादी अजून अडली आहे, आणि तिच्यातल्या तीन नावांवर रविवारी ठाण्यातल्या उपवन तलावावर चहा घेताना वाद होणार आहे.